आमची वाटचाल : एक तारखेच्या भरवशावर

वयस्कर माणसांना घरात निर्धास्त वावरता यावं, अशी कामं आमची फर्म करते. ग्रॅब बार (आधाराला धरायचा भिंतीवरचा दांडा), रॅम्प, पाय न घसरणारी अँटिस्किड टाइल, उंच कमोड. पूर्वी आम्ही नव्या इमारतींतली बाथरूम करायचो.

२००८च्या मंदीत ते काम थांबलं. एका बड्या ठेकेदाराने आमची बिलं थकवली, ती आजतागायत दिलेली नाहीत. कारागिरांच्या पगारासाठी हॅमर ड्रिल विकायची पाळी आली होती. कर्ज मागायला गेलो, तर बँकेतले साहेब म्हणाले, "तुमचं गिऱ्हाईक साठीच्या पुढचं, यात वाढ कुठली?" जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०३० पर्यंत जगात दर सहा माणसांमागे एक साठीचा किंवा त्यापुढचा असेल. वाढ आणखी कुठे असते?

आम्हाला तारलं ते एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी. न्हाणीघरात बार लावायचा होता. म्हणाल्या, "पैसे एक तारखेला मिळतील, पण भोक पाडण्याआधी भिंत ठोकून बघा." पैसे एक तारखेला सकाळीच आले. मग त्यांनी ओळखीतल्या सगळ्या पेन्शनरांकडे आम्हाला धाडलं. बाईंचं काम आजही मी स्वतः करतो, पोरांवर सोडत नाही.

पेन्शनर म्हणजे ओझं, असं कुणी म्हटलं की मला राग येतो. कारखाना बंद पडला तरी पेन्शन येतच राहते, आणि ती प्लंबर, औषधवाला, घरकामाच्या मावशी यांच्याकडे, इथल्या इथेच खर्च होते. २०२० साली बाकी सगळं ठप्प असताना आमच्या पोरांचे पगार याच पैशातून निघाले. दुसरी बाजूही मी पाहिली आहे. निवृत्त लोक मोठ्या संख्येने राहायला आले की घरांचे भाव चढतात आणि आमच्याच पोरांना भाडं परवडेनासं होतं. ज्यांची पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही, ते गरजेचं कामही पुढे ढकलतात.

पुढे एक मोठं शोरूम आलं. निम्म्या दरात बार, तेही पोकळ टाइलवर प्लास्टिकच्या गिट्टीत! ओल्या अंगाने माणूस आधाराला धरतो आणि बार हातात येतो. ते उखडलेले बार आम्ही पुन्हा बसवले. नाव मात्र अजून त्यांचंच मोठं, हे सलतं.

या धंद्यात येणाऱ्यांना सांगतो. टाइल बद्द वाजली तर ती काढाच, अँकर, म्हणजे बार धरून ठेवणारा बोल्ट, मागच्या विटेत किंवा काँक्रीटमध्ये पक्का बसला पाहिजे. रॅम्पचा उतार १ ला १२ पेक्षा, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी यापेक्षा, तीव्र नको. जागा कमी पडली तर वळण घ्या. बिल महिन्याच्या पहिल्या आठवड्यात द्या. आणि बारची उंची फोनवर मुलाला विचारून ठरवू नका, आजोबांना तिथे उभं करून मगच खूण करा.