४५ डिग्रीच्या गावात ६५ इंची टीव्ही घेताना: माझा अनुभव

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. घर स्लॅबचं, हॉलचं दार पश्चिमेला. मे महिन्यात पारा ४४-४५ वर गेला की दुपारी पंखासुद्धा गरम वाराच फेकतो. अशा घरात लाखाच्या वरचा टीव्ही कोणता घ्यावा, हे मला कोणत्याच दुकानदाराला नीट सांगता आलं नाही. ते घरातच बसून शोधावं लागलं. माझ्यासारख्या खेड्यातल्या कोणाला उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते.

जुना टीव्ही ३२ इंची होता. मुलगा नोकरीला लागला, त्यानं पहिल्या पगारांतून प्लेस्टेशन ५ हे टीव्हीला जोडून गेम खेळायचं कन्सोल घेतलं आणि शनिवार-रविवार घरी आला की ते सोबत आणू लागला. मला रात्री जेवणं आटोपल्यावर सिनेमा पाहायचा असतो. सासरे सकाळ-संध्याकाळ बातम्या लावून बसतात. त्यांची मागणी एकच होती, "सूनबाई, अक्षरं मोठे दिसले पाह्यजेत. बाकी तुमचं तुम्ही पाहा."

मुलाचा आणि माझा पहिला कल ओएलईडीकडे होता. त्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, म्हणून काळा रंग खरोखर काळा दिसतो. अमरावतीच्या दुकानातल्या अंधाऱ्या खोलीत ते चित्र पाहिलं तेव्हा तिथून हलावंसं वाटेना. सिनेमासाठी आजही मी त्यालाच पहिला नंबर देईन.

पण आमच्या घरात तीन गोष्टी त्याच्या आड येत होत्या.

पहिली बातम्या. वाहिनीचा लोगो आणि खालची लाल पट्टी रोज तासन् तास एकाच जागी राहते. ओएलईडीवर अशा चित्राचा कायमचा डाग पडू शकतो, आणि उष्णतेनं हे ठिपके जास्त लवकर झिजतात. मी वाचलेल्या वॉरंटी कार्डांवर हा डाग वगळलेला होता. दुसरी गोष्ट दुकानात कोणी बोललंच नाही, ती म्हणजे बटण. ओएलईडी टीव्ही रिमोटनं बंद केल्यावर आतल्या आत पडद्याची दुरुस्ती करतो, ठिपक्यांची झीज मोजून सारखी करतो. त्यासाठी त्याला बंद असतानाही वीज लागते. आमच्याकडे बोर्डाचं बटण बंद केल्याशिवाय कोणी झोपत नाही, आणि लाइन कधी जाईल त्याचा नेम नाही. ती दुरुस्ती रोज अर्धवट राहिली असती. तिसरी उजेड. पश्चिमेचं ऊन थेट हॉलमध्ये येतं. पूर्ण पडदा उजळ झाला, म्हणजे भरदुपारचं क्रिकेटचं मैदान आलं, की ओएलईडी स्वतःहून प्रकाश कमी करतो.

म्हणून आम्ही मिनी एलईडीकडे वळलो. हा एलसीडीच, पण मागे बारीक दिव्यांचे शेकडो गट असतात आणि गरजेप्रमाणे ते गट मंद-तेज होतात. उजेडाला हा भारी पडतो आणि डागाची धास्ती नाही. उणीव एकच, काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं आली की भोवती पुसटसं तेज दिसतं. गट जितके जास्त तितकं ते कमी. क्यूएलईडी असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असलं तरी मागे दिवे कसे आहेत ते वेगळं विचारावं लागतं, कारण त्या नावातून फक्त रंगाच्या थराची माहिती मिळते.

गेमिंगची बाजू मुलानं सांभाळली. प्लेस्टेशन ५ वर काही खेळ ४के मध्ये, म्हणजे २१६० ओळींच्या बारीक चित्रात, सेकंदाला १२० चित्रांपर्यंत चालतात. त्यासाठी खरा १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा पडदा आणि ते पेलणारा एचडीएमआय २.१ चा पोर्ट, म्हणजे केबल जोडायची जागा लागते. जुना एचडीएमआय २.० चा पोर्ट ४के ला ६० वरच थांबतो. खोक्यावर मात्र "मोशन रेट १२०" असं काहीतरी छापलेलं असतं आणि पडदा ६० हर्ट्झचाच निघतो. काही टीव्हींमध्ये चार पोर्टपैकी दोनच २.१ चे असतात आणि त्यातलाच एक साउंडबारसाठीचा, म्हणजे वेगळ्या लांबट स्पीकरसाठीचा ईएआरसी असतो. म्हणजे साउंडबार लावला की कन्सोलसाठी एकच उरतो. व्हीआरआर हवं, म्हणजे चित्रांचा वेग कमी-जास्त झाला तरी पडदा फाटल्यासारखा दिसत नाही. एएलएलएम असलं की कन्सोल सुरू होताच टीव्ही आपोआप गेम मोडवर जातो. बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतचा उशीर त्या मोडमध्ये खूप कमी होतो.

आम्ही कन्सोल पिशवीत घालून यवतमाळच्या दुकानात नेलं. दुकानदार आधी नाखूश होता, मग स्वतःच बघायला उभा राहिला. प्लेस्टेशनच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ आउटपुटची माहिती उघडली की टीव्ही काय काय स्वीकारतो ते तिथंच लिहून येतं. सेल्समनच्या दहा वाक्यांपेक्षा ते पान कामाचं. शिवाय टीव्ही दुकानाच्या भडक मोडवरून घरच्या मोडवर आणायला लावला आणि सेट टॉप बॉक्सवरची साधी मराठी वाहिनी लावून पाहिली. त्या वाहिनीच्या चित्राला ५७६ ओळी, पडद्याला २१६०. मधलं अंतर प्रोसेसर कसं भरून काढतो, हे सासऱ्यांच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं होतं. एका मॉडेलवर निवेदकाचा चेहरा मेणाचा दिसला, ते तिथंच बाद.

आकाराचा हिशेब सोपा. आमचा सोफा भिंतीपासून साधारण नऊ फुटांवर आहे, त्याला ६५ इंच बरोबर बसतो. किमतीत एक दिलासा होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे.

टीव्ही आणण्याआधी विजेचं काम केलं, आणि ह्या भागावर मी सगळ्यांना हात जोडून सांगते की कंजुषी करू नका. कमी व्होल्टेज आजचे बरेच टीव्ही सहन करतात. भीती असते न्यूट्रल, म्हणजे परतीची तार तुटण्याची. वाऱ्या-वादळात थ्री फेजच्या लाइनचा न्यूट्रल तुटला की घरात २३० च्या जागी ४०० च्या आसपास व्होल्टेज येऊ शकतं. त्यासाठी मेन बोर्डात व्होल्टेज वाढताच लाइन तोडणारं प्रोटेक्टर आणि सोबत विजेचा अचानक आलेला झटका जमिनीत उतरवणारा सर्ज अरेस्टर बसवला. वायरमन अर्थिंग तपासून म्हणाला, "जुन्या खड्ड्यात काही दम नाही राह्यला, मॅडम. नवाच करा लागते." तो नवा करून घेतला. विजा कडाडायला लागल्या की मात्र प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढतो, कारण झटका केबलमधूनही येतो.

मॅन्युअलमध्ये वापराचं तापमान ४० डिग्रीपर्यंत दिलेलं आहे. उन्हाळ्यात दुपारी एक ते पाच टीव्ही लावायचा नाही, हे सासऱ्यांनी स्वतः मान्य केलं. ते त्या वेळी रेडिओ ऐकतात. टीव्ही पश्चिमेच्या भिंतीवरून उत्तरेच्या भिंतीवर घेतला, मागे हवेला चार बोटं जागा ठेवली. कूलरचा झोत थेट पडद्यावर येऊ दिला नाही, त्याच्या ओल्या हवेनं आतली सर्किटची पट्टी गंजू शकते. अंगणात सोयाबीनचा थ्रेशर चालतो त्या दिवशी कुटाराची धूळ घरभर होते, तेव्हा पडद्यावर सुती चादर टाकतो आणि नंतर कोरड्या मऊ कापडानं पुसतो.

पैसे देण्याआधी कंपनीच्या हेल्पलाइनला आमचा पिनकोड सांगून तंत्रज्ञ गावापर्यंत येतो का ते विचारलं. ज्या कंपनीनं "सेंटरवर आणून द्या" म्हटलं, तिचा टीव्ही यादीतून काढला. ६५ इंची पडदा खराब रस्त्यानं परत नेणं म्हणजे फुटलाच समजा. घरी आणतानाही छोट्या पिकअपमध्ये खोकं उभंच ठेवलं, आडवं होऊ दिलं नाही.

आता मुलगा गेम मोडवर खेळतो, मी रात्री फिल्ममेकर मोडवर सिनेमा पाहते, आणि सासऱ्यांसाठी स्टँडर्ड मोडवर प्रकाश थोडा उतरवून ठेवला आहे. टीव्हीचा आवाज ह्या मोठ्या हॉलला कमी पडतो. साउंडबार कापूस विकला गेल्यावर घेऊ. ईएआरसीचा पोर्ट त्यासाठी मोकळा ठेवला आहे.