आठ ब्लेड, त्यातले चारच चालू

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीतून सकाळी फोन आला. रात्री लाईट गेली होती, यूपीएसची बॅटरी संपली, पहाटे लाईट आली आणि तेव्हापासून टीसी निघत नव्हते. टीसी म्हणजे कास्टिंगचं टेस्ट सर्टिफिकेट. त्यावर हीट नंबर (भट्टीतल्या एका वेळच्या धातूचा क्रमांक) आणि स्पेक्ट्रोचे, म्हणजे धातूत काय किती आहे ते मोजणाऱ्या यंत्राचे, आकडे असतात. तो कागद सोबत नसेल तर गिऱ्हाईक माल उतरवून घेत नाही. भरलेल्या गाड्या गेटवर उभ्या होत्या.

टीसी काढणारी तिथली सगळी संगणक यंत्रणा एका १यू, म्हणजे जेमतेम ४४ मिलिमीटर उंचीच्या खोक्यात आहे. त्यात आठ ब्लेड, म्हणजे पातळ पट्टीवरचे छोटे संगणक, प्रत्येकावर रास्पबेरी पायचं कॉम्प्युट मोड्यूल ४, ८ जीबी रॅम आणि एक एनव्हीएमई डिस्क. वर केथ्रीएस चालतं, म्हणजे अनेक संगणकांवर कामं वाटणारी प्रणाली: तीन कंट्रोल नोड कामं वाटतात, पाच वर्कर ती करतात. आठही रिकामे असताना मिळून तीसेक वॅट खातात, पूर्ण जोरात सत्तरच्या आसपास. प्रत्येक ब्लेडला एकच केबल, नेटवर्कची. वीजही तिच्यातूनच येते, पीओईने, म्हणजे नेटवर्क स्विचकडून.

रॅकचं दार उघडलं तर डावीकडचे चार ब्लेड चालू, उजवीकडचे चार पूर्ण काळे. मेंटेनन्सवाल्यांनी निकाल देऊन टाकला होता: "सर, लाईट येताना झटका बसला, चार कार्डं गेली." पण झटका ओळीने पाच, सहा, सात, आठ असा बसत नाही. आठव्या ब्लेडची केबल स्विचच्या आठव्या पोर्टमधून काढून पहिल्या पोर्टला लावली, तो लगेच सुरू झाला. ब्लेड शाबूत होता, त्याला वीजच मिळत नव्हती.

स्विचच्या लॉगमध्ये पोर्ट ५ ते ८ पुढे एकच नोंद होती, वीज नाकारली. आता हिशोब बघा. स्विचचं पीओई बजेट १२४ वॅट. हे ब्लेड पीओईच्या ८०२.३एटी मानकातले, क्लास ४ चे. क्लासप्रमाणे वाटप करणारा स्विच अशा प्रत्येक उपकरणाच्या नावावर ३० वॅट राखून ठेवतो. त्यातले २५.५ वॅट उपकरणापर्यंत पोहोचतील आणि बाकीचे लांब केबलमध्ये जातील, असं मानकात धरलेलं असतं. ब्लेड प्रत्यक्षात चार वॅट घेतोय की नऊ, याच्याशी त्या आकड्याला देणंघेणं नाही. चौघांचे १२० झाले, उरले ४, पाचव्याला नकार. आणि पोर्टची प्राथमिकता सारखी असेल तर लहान नंबरचा पोर्ट आधी, हा बहुतेक स्विचचा नियम.

मग इतके दिवस आठही चालत कसे होते? रॅकच्या दारावर बसवणाऱ्यांनी चिकटवलेल्या कागदावर उत्तर होतं: पीओई मोड 'प्रत्यक्ष वापर'. स्विच मात्र आता 'क्लास' दाखवत होता, आणि पोर्टना दिलेली नावंही गायब होती. म्हणजे बदल चालू कॉन्फिगमध्ये (सध्याच्या सेटिंगमध्ये) केले, वीज आल्यावर वाचल्या जाणाऱ्या स्टार्टअप कॉन्फिगमध्ये उतरवलेच नाहीत. स्विचची वीज कधी पूर्ण गेली नव्हती, म्हणून ते उघड झालं नाही.

आता टीसी का बंद, ते. कंट्रोल नोड होते पोर्ट १, ६ आणि ७ वर. तिघांतले दोन हजर असल्याशिवाय ईटीसीडी, म्हणजे या क्लस्टरची (ब्लेडच्या समूहाची) माहिती ठेवणारा डेटाबेस, बहुमत मानत नाही. एकटा पहिला नोड जागा होता, आज्ञा घेणारा एपीआय गप्प, आणि रीस्टार्ट झालेल्या वर्करना कुठला पॉड, म्हणजे कुठला प्रोग्राम, चालवायचा हे सांगायला कोणी नाही. फोनवर कोणीतरी फाउंड्रीवाल्यांना क्लस्टर-रीसेट करायला सुचवलं होतं. ते केलं नाही हे फार बरं झालं. त्या आज्ञेने सदस्ययादी एका नोडवर येते आणि उरलेल्या दोघांचा डेटाबेस पुसून त्यांना नव्याने जोडावं लागतं. तिन्ही डिस्क शाबूत असताना याची काही गरज नसते.

सगळे पोर्ट एकाच व्हीलॅनमध्ये (स्विचवरच्या एकाच नेटवर्कात) आणि आयपी पत्ते पोर्टशी नव्हे, ब्लेडच्या मॅक क्रमांकाशी बांधलेले, हे तपासून केबल बदलल्या: तीन कंट्रोल नोड पोर्ट १ ते ३ वर, डेटाबेसवाला वर्कर ४ वर. बहुमत आलं, पॉड चढायला लागले.

तरी टीसी छापू दिले नाहीत, कारण नोडची घड्याळं काल रात्रीतच अडकली होती. या मोड्यूलवर बॅटरीचं घड्याळ नसतं. वीज गेल्यावर शेवटची साठवलेली वेळ धरून ते उठतं आणि एनटीपीची, म्हणजे नेटवर्कवरून येणाऱ्या अचूक वेळेची, वाट बघतं. राउटरचं इंटरनेट अजून आलेलं नव्हतं. तशीच नोंद झाली असती तर पहाटेची हीट कालच्या तारखेला गेली असती, आणि ऑडिटमध्ये असा कागद टिकत नाही. चालू असलेल्या चारही नोडची वेळ हाताने लावली, मगच छपाई. गाड्या सुटल्या.

कायमच्या दुरुस्तीत पीओई 'प्रत्यक्ष वापर'वर परत नेलं नाही. त्या मोडमध्ये कोणाला किती वीज मिळेल याची आधी हमी नसते आणि बजेट ओलांडलं की स्विच कोणाला तरी तोडतो. त्याऐवजी प्रत्येक पोर्टला १५ वॅटची पक्की मर्यादा घातली. आठांचे १२० होतात, १२४ मध्ये बसतात, आणि नऊ-दहा वॅटच्या ब्लेडला जागाही राहते. कंट्रोल नोडच्या पोर्टना सर्वोच्च प्राथमिकता दिली. स्टार्टअप कॉन्फिग सेव्ह केलं, जेवणाच्या सुट्टीत स्विचचा प्लग ओढला आणि थंड अवस्थेतून आठही ब्लेड उठताना पाहिले. ही शेवटची पायरी गाळू नये. २००१ मध्ये आरएलएक्स या कंपनीने ३यू उंचीत २४ ब्लेड बसवले तेव्हा सामायिक पॉवर सप्लाय चॅसिसमध्येच, म्हणजे खोक्यातच होता. इथे स्विच हाच पॉवर सप्लाय आहे, आणि त्याची चाचणी तशीच घ्यायला हवी.

घड्याळासाठी एका कंट्रोल नोडला डीएस३२३१ या घड्याळ-चिपचं छोटं बॅटरीवालं मोड्यूल आयटूसी जोडणीवर लावलं. बाकी सात त्याच्याकडून वेळ घेतात, आणि वेळ जुळल्याशिवाय त्यांच्यावर केथ्रीएस सुरू होत नाही अशी सिस्टिमडीत, म्हणजे लिनक्सवर सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्राममध्ये, अट घातली. दाराचा फिल्टर भट्टीच्या काळ्या धुळीने गच्च झाला होता, तोही बदलला. या धुळीत लोखंडाचे कण असतात, ती वीज वाहू शकते, बोर्डावर बसू देऊन चालत नाही.

यूपीएसचं काम उरलं. बॅटरी १२ व्होल्ट ७ एएच (अँपिअर-तास), कागदावर ८४ वॅट-तास, पण यातले निम्म्याच्या थोडे वर हाती लागतात. स्विचसकट पन्नासेक वॅटच्या भारावर पाऊण तास, तेवढंच धरून चालायचं. बॅटरी उतरली की ब्लेड नीट बंद व्हावेत म्हणून यूएसबीवाला यूपीएस घ्यायला सांगितलं, वर एनयूटी, म्हणजे यूपीएसवर लक्ष ठेवून संगणक बंद करणारं सॉफ्टवेअर. त्यात एक खाच आहे. ब्लेड बंद झाले आणि यूपीएस मरायच्या आत लाईट परत आली, तर पोर्टवरची वीज तुटलेलीच नसते, त्यामुळे ब्लेड तसेच पडून राहतात. म्हणून एनयूटीने शेवटी यूपीएसलाच आउटपुट तोडून पुन्हा जोडायला सांगावं लागतं, आणि यूपीएस विकत घेण्याआधी त्याला ही आज्ञा कळते का ते विचारून घ्यावं लागतं. बाजारातल्या स्वस्त मॉडेलांपैकी कित्येकांना यूएसबी पोर्टच नसतो.