रोज हजार विड्या, तर सूर्य किती लांब?

सोलापूरच्या आमच्या शाळेत मोठ्या माणसांचा रात्रवर्ग असायचा, तिथं पहिल्याच आठवड्यात विज्ञानाच्या सरांनी मला विचारलं, अक्का, दिवसाला किती विड्या होतात तुमच्या? मी म्हटलं पान चांगलं असलं तर हजार, नाहीतर आठशे. मग म्हणाले एक विडी म्हणजे एक किलोमीटर धरा, चंद्र ३,८४,००० किलोमीटर लांब आहे, किती दिवस लागतील? सगळा वर्ग बघायलाय माझ्याकडे. मी सातवीत शाळा सोडलेली, भागाकार म्हटलं की पोटात गोळा यायचा, पण हजाराचा हिशेब तर रोज कारखान्यात करत होते ना, छाट म्हणजे खराब म्हणून काढलेल्या विड्या किती गेल्या, कट्टे किती भरले. म्हटलं तीनशे चौऱ्याऐंशी दिवस. म्हणजे? म्हणजे एक वर्ष आणि एकोणीस दिवस, एकपण सुट्टी न घेता. सूर्याचं गणित घरी करून आणायला सांगितलं, पंधरा कोटी किलोमीटर. ते मी रात्री साडेदहाला जेवणं उरकल्यावर वहीच्या मागच्या पानावर केलं, तीनदा केलं, कारण उत्तरावर विश्वासच बसेना. चारशे दहा वर्षं. दुसऱ्या दिवशी सर म्हणाले बरोबर आहे की ओ, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधीपासून वळायला बसला असता तर आत्ता १९९८ ला पोचला असता. आणि प्रकाश तेवढंच अंतर आठ मिनिटं वीस सेकंदात येतो, तेवढ्यात तुमच्या किती होतात? सतरा. एक कट्टासुद्धा भरत नाही, कट्टा पंचवीसचा असतो.

त्या दिवसापासून मला गणिताची भीती वाटली नाही. दहावी मी २००१ ला पास झाले, गणितात ६१ मार्क.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका निघणार, रात्रवर्गाच्या कुणीतरी लिहा असा फोन आला तेव्हा मी दोन दिवस काही बोलले नाही, कारण आमची घरची भाषा तेलुगू, मराठी शाळेत आणि कारखान्यात शिकलेली. पण सरांबद्दल लिहायचं तर मीच लिहिणार म्हटलं. आठवीला बसले तेव्हा मी ३६ ची, मुलगी अठराची. आमच्या वर्गात एक गवंडीकाका होते पंचावन्नचे, एक मिल बंद पडल्यावर भाजीची गाडी लावणारे, आणि सगळ्यात मोठ्या एक आजी, त्यांना फक्त नाव लिहायला आणि पेपर वाचायला शिकायचं होतं, परीक्षा नको होती. सरांनी त्यांना पण बसू दिलं.

सर मूळचे दिवसाच्या शाळेतले विज्ञानाचे, १९७९ ला लागले. खगोल हा काही त्यांना नेमून दिलेला विषय नव्हता, पुस्तकात असतील तेवढे दोन धडे. पण लागल्यावर वर्षाच्या आतच १६ फेब्रुवारी १९८० चं खग्रास ग्रहण आलं आणि सर एकटेच रेल्वेनं रायचूरला गेले, सोलापूरहून सरळ गाडी आहे. दोन-अडीच मिनिटं दिवसा अंधार, पाखरं झाडावर परत आली, सूर्याच्या जागी काळी चकती आणि भोवती पांढरं तेज. परत येताना गाडीत ठरवलं म्हणे की हे शिकवायचं. मग स्वतःच्या हातानं सहा इंची आरसा घासला, काचेवर काच, मधे कार्बोरंडमची पावडर आणि पाणी, रोज शाळा सुटल्यावर तासभर, सव्वा वर्ष लागलं. त्या दुर्बिणीचं लाकडी स्टँड आमच्याच मिलवाल्या काकांनी नंतर नवीन करून दिलं. सर एक सांगायचे ते माझ्या लक्षात राहिलं, की आपल्या शेजारच्या विजापूरचे व्यंकटेश बापूजी केतकर, पंचांगाच्या गणितात एवढं मोठं काम केलं, ते पण शाळेत शिकवणारेच होते.

रात्रवर्ग सरांनी मागून घेतला. का ते मी एकदा विचारलं तर म्हणाले, पोरांना ग्रहणाचं सांगितलं की ती घरी जाऊन सांगतात आणि घरचे म्हणतात गप बस. मग घरच्यांनाच शिकवलेलं काय वाईट.

१९८० चं ते ग्रहण माझ्या पण लक्षात आहे पण उलट बाजूनं. मी अठराची, पोटात मुलगी. सासूबाईंनी सकाळपासून कात्री लपवून ठेवली, पोटुशी बाईनं ग्रहणात काही कापलं की लेकराचा ओठ कापलेला निघतो म्हणून. विडीचं पान पत्र्याचं माप ठेवून कात्रीनंच कापतात, म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. दारं खिडक्या लावून मला आतल्या खोलीत निजवलं, गल्लीत चिटपाखरू नाही. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मला वाटलं सर हसतील. सर म्हणाले, तुमच्या सासूबाईंनी तुम्हाला जपलं, फक्त त्यामागचं कारण तेवढं चुकीचं होतं. मग सावली म्हणजे काय, चंद्राची सावली पृथ्वीवर किती लहान पडते, म्हणून रायचूरला अंधार आणि सोलापूरला उजेड कसा, हे सगळं एक बल्ब, एक लिंबू आणि माझीच गोल टोपली घेऊन दाखवलं. सासूबाईंना नावं न ठेवता सांगितलं म्हणून मी ते घरी जाऊन बोलू शकले, नाहीतर नसते बोलले.

मला सगळ्यात आवडलेला किस्सा मृगाचा. सर शिकवत होते की मृग हिवाळ्यात रात्री डोक्यावर दिसतो. तर भाजीवाले काका, मूळचे मोहोळकडचे शेतकरी, उठून उभे राहिले, ओ सर काय सांगायलाय, मृग जूनमध्ये निघतो, त्याच्यावर तर पेरणी असते. सगळे त्यांच्या बाजूनं. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता बसा खाली. सर फळ्याकडे बघत उभे राहिले थोडा वेळ आणि म्हणाले, तुमचं पण बरोबर, माझं पण बरोबर, आता दोन्ही कसं बरोबर ते बघू. पुढच्या शनिवारी गच्चीवर कठड्याला खडूनं सत्तावीस नक्षत्रं ओळीनं लिहिली, मधे स्टुलावर शंभरचा बल्ब, आणि काकांना पृथ्वी केलं. काका चालत चालत अशा जागी आले की बल्बाच्या मागे बरोबर मृग. सर म्हणाले थांबा, आता सूर्य मृगात आहे, जूनमधला मृग हाच, तेरा-चौदा दिवस सूर्य तिथं असतो, मग तारे दिसतील का? नाही, उजेडात गेले. आता बल्बाकडे पाठ करा, रात्र झाली, समोर काय? ज्येष्ठा, मूळ. आणि तसंच चालत अर्धी चक्कर पलीकडे गेले, पाठ केली, तर समोर मृग. डिसेंबर. काका मटकन खाली बसले आणि म्हणाले साठ वर्षं मृगावर पेरलं आणि मृग बघितलाच नाही कधी. त्या हिवाळ्यात सगळ्यात जास्त वेळा गच्चीवर तेच यायचे. आजींना सप्तर्षी दाखवले तर त्या म्हणाल्या हे तर म्हातारीचं बाजलं, चोर ओढून न्यायलेत. मी कृत्तिकेला पिल्लल कोडी म्हणते, आमच्यात पिल्लांची कोंबडी. सरांनी ही नावं वहीत लिहून घेतली, कुणी सांगितलं ते पण लिहिलं.

मोठ्या माणसांना दुर्बिणीतून दाखवणं सोपं नसतं हे आता मी स्वतः दाखवते तेव्हा कळतं. गुडघे वाकत नाहीत, म्हणून सरांनी स्टँड बुटकं करून शेजारी खुर्ची ठेवली. चष्मा फक्त नंबराचा असेल तर काढून ठेवायचा आणि फोकस परत लावायचा. अंधारात डोळा तयार व्हायला वीस-पंचवीस मिनिटं द्यायची, तोवर बॅटरीला लाल कागद. अंधुक काही असेल तर सरळ न बघता जरा कडेनं बघायचं, तसं जास्त दिसतं. आणि सर कधीच म्हणायचे नाहीत की दिसलं ना? म्हणायचे काय दिसलं? कारण दिसलं ना विचारलं की माणूस लाजेनं हो म्हणतो. शनी बघून आजी म्हणाल्या कानाचा आहे. लिहा म्हणाले, कान.

ध्रुवताऱ्यासाठी हिप्परग्याच्या तलावाकडे नेलं होतं, उत्तरेला अंधार पाहिजे म्हणून. हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश. ध्रुव दोन मुठींच्या जरा खालीच. गवंडीकाकांनी ओळंबा आणला होता, कोनमापकाला बांधून त्यांनी मोजलं तर साडेसतरा-अठरा, आणि नकाशाच्या पुस्तकात सोलापूर १७ अंश ४० मिनिटं. काका म्हणाले म्हणजे मी सोलापूर मोजलं. नंतर ते प्रत्येक नवीन माणसाला हे सांगायचे.

पास झाल्यावर पण शनिवारची गच्ची सुटली नाही. ८ जून २००४ ला शुक्र सूर्यावरून गेला तेव्हा दुर्बिणीतून पांढऱ्या पुठ्ठ्यावर सूर्य पाडला होता, भाकरीएवढा, आणि त्यावर शुक्र ज्वारीच्या दाण्याएवढा. २०१२ ला परत झालं, आता २११७ मध्ये. सर म्हणाले पहिलीतलं पोरगं आणि आपण, पुढच्याला कुणीच नाही, या सगळे जवळ या.

१५ जानेवारी २०१० चं ग्रहण दुपारचं होतं, गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेची गर्दी शहरात, आणि माझी मुलगी बाळंतपणाला माहेरी आलेली. तीच १९८० वाली. मी तिला ग्रहणचष्मा लावून शाळेच्या पटांगणात घेऊन आले. लिंबाच्या झाडाखाली पानापानातून पडलेला प्रत्येक कवडसा चंद्रकोरीसारखा, शेकडो कोरी जमिनीवर, तिच्या साडीवर पण. तिथंच बसून तिनं कात्रीनं दशमीचं पाकीट कापलं आणि खाल्लं. सासूबाई नव्हत्या तोवर, पण असत्या तर मी त्यांना पण आणलं असतं, खुर्ची टाकून. नातू मार्चमध्ये झाला, ओठ वगैरे सगळं छान.

सर २०१३ ला रिटायर झाले आणि मग खरं तर जास्तच काम सुरू झालं, रविवारी सकाळी साठीच्या पुढच्यांचा वर्ग. तोंडावर पदर घेऊन मागे बसणाऱ्या बायका सहा महिन्यांनी चंद्राची तिथी बघून वेळ सांगायच्या. कोरोनात वर्ग बंद पडला. २१ डिसेंबर २०२० ला गुरू आणि शनी एकमेकाला जवळजवळ चिकटले होते, चंद्राच्या रुंदीच्या पाचव्या हिश्शाएवढंच अंतर, तर सरांनी एकेकाला फोन लावले, सूर्य मावळला की नैर्ऋत्येला बघा, लवकर, खाली जायलेत. मी आणि नातू गच्चीवर. मला एकच दिसला, मोतीबिंदू सुरू झालेला होता. नातू म्हणतो दोन आहेत आजी. मी फोनवर सरांना म्हटलं दोन दिसले. सर थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, अक्का, तुम्हाला किती दिसले? एक. मग तुमच्या नावापुढं एक लिहितो, नातवाच्या नावापुढं दोन. ती वही अजून आहे सरांकडे.

सरांचा जुना खेळ आहे, वय सांगा म्हणजे तारा सांगतो, तुमच्या जन्माच्या वेळी निघालेला प्रकाश आज कुठल्या ताऱ्याचा पोचतोय. मी शाळेत आले तेव्हा स्वाती होती, ३७ प्रकाशवर्षं. त्रेचाळीसला ब्रह्महृदय. मला आता ६४ संपत आलंय, रोहिणीचा प्रकाश ६५ वर्षांचा, तो यंदाच्या थंडीत बघायचा आहे. परवा सरांना भेटायला गेले होते, हल्ली कमी ऐकू येतं त्यांना, पाटीवर लिहून बोलावं लागतं. मी लिहिलं, सर तुमचा कुठला? सर ७१ चे. म्हणाले मधे ठळक असं काही नाही, पुढं मघा आहे ७९ ला. मग माझ्या हातातली पाटी घेतली, पुसली, ७९ वजा ७१ लिहिलं आणि माझ्याकडे दिली, उत्तर लिहायला.