पेढा, गोचिडी आणि आईंचा पाला

आमचा कुत्रा पेढा म्हणजे गल्लीतून उचलून आणलेलं ध्यान, रंगावरून नाव पडलं. अंगावर केस आखूड आणि पोटाची कातडी गुलाबी, इतकी नाजूक की ओल्या गवतात लोळून आला तरी पुरळ, फरशीला फिनाइल जरा जास्त पडलं तरी पुरळ. त्यामुळे गोचिडी-पिसवांचं औषध कुठलं घालायचं हा आमच्या घरात कायमचा वाद. नवरा म्हणणार केमिकल नको, मी म्हणणार गोचीड नको, आणि पेढा मध्ये बसून खराखरा खाजवतोय.

राहतो पुण्यात वेताळ टेकडीच्या पायथ्याशी. पाऊस सुरू झाला की टेकडीवर गवत माजतं आणि आमचं साहेब त्यातच तोंड खुपसणार, मग घरी आलं की कानाच्या घडीत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली हात फिरवून बघायचं. बरं मला वाटायचं सगळ्या गोचिडी टेकडीवरूनच येतात. तसं नसतं. आपल्याकडे कुत्र्यांवर जी तपकिरी गोचीड सर्रास दिसते ती घरात मजेत संसार करते, मादी रक्त पिऊन टुम्म झाली की गळून पडते, भिंतीच्या फटीत नाहीतर पलंगामागे जाऊन अंडी घालते, एकावेळी हजारो. एका रात्री ट्यूबलाइटच्या पट्टीशेजारी भिंतीवर बारीक ठिपके चालताना दिसले तेव्हा मी किंचाळलेच.

प्रयोग बरेच केले. आधी पट्टा, म्हणजे औषधाचा कॉलर, आठ दिवसांत गळ्याभोवतीचे केस गेले आणि लाल कडं उमटलं, काढून टाकला. मग आईंनी (सासूबाई) कडुनिंबाचा पाला उकळून अंघोळ सुरू केली. पेढ्याला ती आवडायची, गार वाटत असेल बिचाऱ्याला, पण गोचिडी पण तितक्याच खूश होत्या. खालच्या काकूंनी खोबरेल तेलात कापूर सांगितला, मी लावला, त्याने चाटला आणि डॉक्टरांनी मला झापलं. कापूर कुत्र्याच्या पोटात जाणं चांगलं नाही, टी ट्री ऑइल पण नाही, नॅचरल लिहिलंय म्हणून कातडीला चालेलच असं काही नसतं. हे मला तीन वर्षांनी कळतंय.

मानेवर सोडायचे थेंब पण झाले, फिप्रोनिलवाले. त्यात चूक माझीच. हे औषध कातडीच्या तेलातून अंगभर पसरतं, म्हणून आधी-नंतर दोन दिवस अंघोळ घालायची नसते, आणि मी आदल्या संध्याकाळी शाम्पूने खसाखसा धुतलेला, वर थेंब टाकले. तेलच नाही तर पसरणार कशावर. शिवाय थेंब पडले तिथे रुपयाएवढा लाल डाग. (घरात मांजर असेल तर परमेथ्रिनवाली औषधं आणूच नका हां, कुत्र्याला चालतात पण मांजराला ते विष आहे.)

शेवटी डॉक्टर बदलले. नवीन बाईंनी औषधाचं नावच काढलं नाही, आधी विचारलं की खाजवतो कुठे? मी म्हटलं कंबरेवर, शेपटीच्या मुळाशी, मांड्यांच्या मागे. त्यांनी बारीक फणीने तिथले केस विंचरले, जी काळी भुकटी निघाली ती ओल्या टिश्यूवर टाकली, आणि तिच्याभोवती तांबूस डाग पसरला. ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. माती असती तर तसा रंग सुटला नसता. म्हणजे मी ज्याला नाजूक कातडी नाजूक कातडी म्हणत होते त्यातलं निम्मं प्रकरण पिसवांच्या लाळेची ॲलर्जी होतं! आणि अशा कुत्र्याला शंभर पिसवा लागत नाहीत, दोनचार चावल्या तरी पुरतं.

मग त्यांचं म्हणणं साधं होतं, कातडी चिडते तर औषध कातडीवर कशाला, पोटातून देऊ. फ्लुरालनर, ॲफॉक्सोलॅनर, सॅरोलॅनर अशी ही गोळ्यांची फॅमिली, पहिली साधारण बारा आठवडे चालते, बाकीच्या दोन महिनाभर. माझी भीती वेगळीच, कारण मी रात्रभर गूगल केलेलं. अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं औषधांवर नजर ठेवणारं सरकारी खातं) २०१८ मध्ये या सगळ्या गटाबद्दल इशारा दिलाय की काही कुत्र्यांना थरथर किंवा फिट येऊ शकते. बाई म्हणाल्या बरोबर आहे, म्हणूनच फिटची हिस्टरी असेल तर मी विचार करते, पेढ्याला कधी आली? नाही. खाण्याची ॲलर्जी? कारण चवीसाठी गोळीत मांसाचा फ्लेवर असतो. ती पण नाही. वजन केलं, त्या वजनाची गोळी दिली, मोठ्या कुत्र्याची आणून अर्धी करायची नाही म्हणाल्या. (किंमत ऐकून माझ्या मनात नेमकं तेच आलेलं.)

फक्त एक समजून घ्या, गोळीने गोचीड लांब पळत नाही. ती चढते, चावते, रक्तातून औषध मिळालं की मरते. पिसवा काही तासांत, गोचिडी साधारण एक-दोन दिवसांत. त्यामुळे नंतरही अंगावर दिसल्या म्हणून गोळी फेल गेली असं नाही, आणि टेकडीवरून आल्यावर बघणं काही सुटत नाही. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, काडी पेटवून चटका नाही, रॉकेल नाही.

घराचं काम मात्र गोळी करत नाही. पिसवांचे कोष गादीत, सोफ्यात महिनोन्महिने दम धरून बसतात, म्हणून दीड-दोन महिने रोज व्हॅक्यूम, पेढ्याची चादर दर आठवड्याला गरम पाण्यात, भिंतीच्या फटी सिमेंटने बुजवल्या. कंबरेवर आता केस आलेत. पोट अजून लाल होतं अधूनमधून, ती त्याची खरी नाजूक कातडी, तिचं वेगळं चाललंय.

पुढच्या गोळीची तारीख कालनिर्णयवर गॅसच्या नोंदीखाली लिहून ठेवलीय. काल बघितलं तर शेजारी आईंनी पेन्सिलीने लिहिलंय, 'पाला?'