आमची वाटचाल : बाराबूचं धनुष्याचं दुकान

आमचं दुकान अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या बाराबूला. साइट म्हणजे धनुष्यावर बसवायचं नेम धरायचं साधन, त्यातली एकेक पिन एकेका अंतरासाठी. ती घ्यायला आलेल्या माणसाला आम्ही आधी साइट दाखवत नाही. त्याला मागच्या सरावाच्या लेनमध्ये नेतो, दिवे मालवून मावळतीएवढा उजेड ठेवतो आणि पाच पिनांची साइट लावलेलं धनुष्य हातात देऊन विचारतो, "पिना किती दिसतात?" पंचविशीतला पोरगा पाच सांगतो. पन्नाशीचा माणूस तीन सांगतो, तेही जरा अडखळत. सत्तरीच्या माणसाला एक हिरवट पुंजका दिसतो. साइट कोणती द्यायची ते तिथेच ठरतं. ही पद्धत आम्ही २००४ पासून चालवतो. आता हायवेवरच्या मोठ्या दुकानांतही दिवे मालवतात आणि ती आपलीच कल्पना असल्यासारखं सांगतात. म्हणून म्हटलं, एकदा लिहून ठेवावं.

मी मूळचा कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात वडिलांचं लेथचं वर्कशॉप होतं. शाळा सुटली की मी तिथे, हातात मायक्रोमीटर. १९९८ साली विस्कॉन्सिनात मॅडिसनला एका मशीन शॉपमध्ये नोकरी लागली. शेजारच्या मशीनवरचा माणूस जन्मापासून याच भागातला. हरणं कुठल्या ओढ्याने उतरतात, वारा फिरला की काय करतात, हे त्याला तोंडपाठ. त्याच्या साइटचा विंडेजचा, म्हणजे डावी-उजवीकडे सरकवायचा, स्क्रू झिजला होता म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत त्याला नवा करून दिला. दुसऱ्या आठवड्यात त्याने मला थ्रीडी रेंजवर, म्हणजे प्राण्यांच्या पुतळ्यांवर नेम मारतात तिथे, नेलं. मी त्या खेळात बुडालो तो अजून वर आलेलो नाही.

दुकान काढायचं मी आणि त्याने ठरवलं तेव्हा लोकांनी वेड्यात काढलं. फेब्रुवारी २००२ मध्ये माउंट होरेबजवळच्या हरणांत सीडब्ल्यूडी हा हरणांचा जीवघेणा रोग सापडला होता आणि शिकार सोडायची भाषा घरोघर चालू होती. पण आमचा हिशेब वेगळा होता. बाराबू ज्यात येतं ती सॉक काउंटी म्हणजे धनुष्याचं घर. अमेरिकेतला फक्त धनुष्यासाठी राखलेला हरणाचा पहिला सीझन १९३४ साली इथे आणि शेजारच्या कोलंबिया काउंटीत झाला. निसर्गावर लिहिणारे आल्डो लिओपोल्ड स्वतः धनुष्यं करायचे आणि त्यांची ती प्रसिद्ध झोपडी बाराबूपासून थोड्याच अंतरावर आहे. इथली माणसं एका रोगाला घाबरून धनुष्य खाली ठेवणार नाहीत, असं पार्टनर म्हणाला. ते त्याचं खरं ठरलं. हे श्रेय मी आजही त्यालाच देतो.

कोल्हापुरात मात्र सांगायची पंचाईत होती. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आणि त्यात आई माळकरी. इथे हरणं एवढी वाढलीत की सरकारच दरवर्षी परवाने देतं, मारलेल्या प्रत्येक हरणाची नोंद करावी लागते, हे मी फोनवर पुन्हा पुन्हा सांगत होतो. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाण नीट लागतो का रे? तडफडत तर नाही ना?" मी म्हटलं, आई, माझं कामच ते आहे, बाण नीट लागावा हे. पुढे तिने कधी विषय काढला नाही. मी मात्र काउंटरवर कुणी "काय फरक पडतो, चार इंच इकडे-तिकडे" म्हणालं की अजूनही तापतो.

हत्यारांबद्दल लिहायचं तर एक वेगळी वही लागेल. बो प्रेस, म्हणजे दोरी बदलायला धनुष्य दाबून धरणारं यंत्र, आम्ही जुना घेतला, त्याचे हात मी लेथवर नव्याने केले. वडिलांनी येताना पितळी ओळंबा दिला होता, गवंड्याचा असतो तसाच, पण त्यांनी स्वतः टर्न केलेला. तो मागच्या भिंतीवर टांगलेला आहे. साइटचा सेकंड ॲक्सिस, म्हणजे सरळ रोखल्यावरची पातळी, कुणीही बघतो, पातळी दाखवणारा बबल मधे आला की झालं म्हणतो. थर्ड ॲक्सिस, म्हणजे वर-खाली रोखल्यावरची पातळी, कोण बघतो? ट्री-स्टँडवरून, म्हणजे झाडावरच्या मचाणावरून, खाली रोखलं की जो बबल सपाट जमिनीवर मधे होता तोच खोटं बोलायला लागतो. धनुष्य व्हाइसमध्ये पकडून ओळंब्याच्या दोरीला लावायचं, खाली झुकवायचं आणि बबल सरकतो का बघायचं. सरकला तर ॲलन कीचा पाव फेरा, पुन्हा बघायचं. याला चाळीस मिनिटं जातात. मोठ्या दुकानात सगळं धनुष्य वीस मिनिटांत बांधून देतात.

साइटला दोन भोकं, मधलं अंतर एक आणि पाच सोळांश इंच, आटे १०-२४ चे. या दोन स्क्रूंना निळं लॉकटाइट, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद, लावा. लाल नको, नंतर निघणार नाही. साइटच्या कडेने पेन्सिलची रेघ मारलेली असेल तर सीझनमध्ये महिन्यातून एकदा साइट त्या रेघेवरच आहे ना ते बघा. रेघ मारली नसेल तर आजच मारा.

पहिली सहा-सात वर्षं काम होतं, पोट भरलं.

२०११ ला हायवेच्या एक्झिटवर ते मोठं दुकान आलं. दारात भुसा भरलेलं अस्वल, आत पोरांसाठी मासे. आमची साइट ज्या भावाने यायची त्याहून कमी भावाला ते विकायचे. लोक तिथून घ्यायचे आणि बसवायला आमच्याकडे आणायचे. आम्ही बसवून द्यायचो, फुकट, कारण ओळखीची माणसं. २०१२ च्या जुलैत पार्टनर म्हणाला, मी तिकडे जातोय, आर्चरी काउंटर सांभाळायला. तिथे हेल्थ इन्शुरन्स होता आणि त्याच्या बायकोचं ऑपरेशन व्हायचं होतं. जाण्याबद्दल माझी तक्रार नाही. मीही गेलो असतो.

तक्रार आहे ती खोक्याची. आमच्याकडे पत्र्याचं एक खोकं होतं, आजही आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक कार्ड. ड्रॉ लेंथ (दोरी किती ओढायची ते), पीपची (दोरीत बसवलेल्या, डोळा लावायच्या कड्याची) उंची, पीपचं भोक, पिनांमधली अंतरं, स्टँड किती उंचीवर, डोळ्याचा नंबर बदलला तर तारीख. साताठशे कार्डं. ऑगस्टमध्ये त्या दुकानातून माझ्या गिऱ्हाइकांना एकेक करून फोन जायला लागले आणि फोन करणाऱ्याला त्यांची ड्रॉ लेंथ पाव इंचापर्यंत माहीत होती. मी पार्टनरला विचारलं. तो म्हणाला, "अर्धी कार्डं माझ्याच अक्षरातली आहेत." तेही खरंच. त्यानंतर आम्ही बोललो नाही.

त्या जखमेवर २०१४ आलं. विस्कॉन्सिनने क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारखं खांद्याला लावायचं धनुष्य, सगळ्यांना खुला केला. आधी तो पासष्टीवरच्यांना आणि अपंगांना होता, त्यात काही वावगं नव्हतं. पण आता तिशीतली माणसंही धनुष्य अडगळीत टाकून क्रॉसबो घ्यायला लागली. क्रॉसबो खोक्यातून निघतो तोच वर दुर्बीण घेऊन. त्याला पीप नको, डी-लूप (दोरीवरचा फास) नको, पिना नकोत, बाण माणसाच्या मापाने कापून घ्यायला नको. म्हणजे आमची जी जी कमाई होती ती ती नको. त्या हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे दाराची घंटा वाजली नाही. फेब्रुवारीत मी मोठा लेथ विकला. तो गाडीवर चढवताना मी आत जाऊन बसलो, बघवलं नाही. बायकोने मॅडिसनला दोन शिफ्टमध्ये काम धरलं. मार्चमध्ये जागेच्या मालकाला सांगितलं, सप्टेंबरपर्यंत दम धरा, नाहीतर किल्ल्या देतो.

ऑक्टोबर २०१५. सकाळी साडेसातला मी दार उघडतोय तर बाहेर रीड्सबर्गकडचे एक डेअरीवाले शेतकरी उभे. वय एकाहत्तर. २००४ पासूनचं गिऱ्हाईक, मी मनात त्यांना आजोबाच म्हणायचो. बुटांवर चिखल, डोळे लाल. त्यांनी धनुष्य काउंटरवर ठेवलं आणि म्हणाले, "हे काढ याच्यावरून." वर एका पिनेचा स्लायडर होता, डायल फिरवून ती पिन अंतराप्रमाणे वर-खाली करायची असा, तीनशे डॉलरच्या वरचा, त्या दुकानातून घेतलेला. "तुमची नजर कमी झालीय, एकच पिन बरी," असं त्यांना सांगितलं होतं.

त्यात अर्धं खरं होतं. पण आजोबांनी आदल्या दिवशी चाळीस यार्डावर सराव केला आणि डायल तिथेच राहिला. संध्याकाळी मादी आली ती अठरा यार्डावर. पिन खांद्यामागे बरोबर बसवली आणि सोडलं. त्यांचं धनुष्य पन्नास पौंडांचं, बाण सेकंदाला दोनशे चाळीस फुटांच्या आसपास. चाळीसला लावलेली पिन वीसच्या आत बाण सुमारे दहा इंच वर नेते. बाण पाठीला चाटून गेला. थोडे केस आणि चार थेंब रक्त. हे गृहस्थ रात्रभर बॅटरी घेऊन मक्यात आणि ओढ्यात फिरले. सकाळी धारा काढून आले ते थेट माझ्याकडे. मला म्हणाले, "पन्नास वर्षांत मी एवढा वाईट नेम मारला नव्हता." मी म्हटलं, नेम बरोबर होता, डायल चुकीचा होता. ते ऐकून त्यांनी टोपी काढली आणि स्टुलावर बसले.

मी त्यांना मागे नेऊन दिवे मालवले. एकोणीस थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) दोन पिनांची साइट बसवली, साठ डॉलरची. वीसची हिरवी, तीसची लाल, कारण मावळतीला हिरवी जास्त वेळ दिसते आणि वीसची पिन जास्त कामाला येते. पीप तीन सोळांशाचं होतं ते काढून पाव इंचाचं घातलं, म्हणजे उजेड जास्त येतो आणि साइटची गोल कडा पीपच्या गोलात नेमकी बसते. मग ओळंब्यावर थर्ड ॲक्सिस. दुपारी एकला त्यांनी वीस यार्डावर तीन बाण बशीएवढ्या जागेत लावले. आठवड्याने त्यांच्या ट्रेल कॅमेऱ्यात ती मादी दिसली, पाठीवर पट्टा, चालणं ठीक. फोटो घेऊन ते मला दाखवायला आले.

त्यानंतर ते पेंडीच्या गिरणीवर, चर्चच्या पार्किंगमध्ये, जिथे जातील तिथे एकच सांगायचे, साइट घ्यायची तर आधी डोळे घेऊन जा. त्या सीझनला त्यांच्या नावावर अकरा धनुष्यं आली. डिसेंबरात मी जागेचं सगळं भाडं चुकतं केलं.

कुणी विचारत नाही तरी सांगतो. स्लायडर वाईट नाही. मोकळ्या माळावर, लांबचा अंदाज घ्यायला वेळ असतो तिथे तो उत्तम. पण आपल्या जंगलात हरीण वीसला दिसतं, तुम्ही धनुष्य ओढेपर्यंत तीसला गेलेलं असतं आणि डायल फिरवायला तिसरा हात नसतो. धनुष्य वेगवान असेल, दोनशे नव्वदच्या आसपास, तर वीसची पिन तीसला सुमारे चार इंच खाली मारते, तेवढं डोळ्याने सांभाळता येतं. दोनशे चाळीसला तो फरक सात इंच होतो. तिथे दुसरी पिन लागतेच. पाच पिना घेणाऱ्याला मी विचारतो, साठ यार्डावर हरणावर बाण सोडणार आहेस का? नाही ना? मग ती पिन समोर कशाला, हरीण झाकायला?

अंतर मोजायच्या साइट आल्यात, बटण दाबलं की पिन आपोआप उजळते. धनुष्याच्या शिकारीचे विक्रम नोंदवणारे पोप अँड यंगवाले तसलं यंत्र धनुष्यावर असेल तर विक्रमात धरत नाहीत आणि काही राज्यांत ते चालत नाही. घेण्याआधी नियम वाचा. स्टँडच्या उंचीचीही उगाच धास्ती घेतात. वीस फूट वर बसलात आणि हरीण बुंध्यापासून वीस यार्डावर असेल तर तिरकं अंतर जेमतेम एकवीस यार्ड भरतं. चूक तिथे होत नाही, ती होते हात खाली झुकवण्यात. कमरेतून वाका. आणि पिना लावताना बाणाच्या मागे जा. बाण डावीकडे लागला तर साइट डावीकडे, वर लागला तर वर. अर्धे लोक उलट करतात आणि मग साइटला दोष देतात.

ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला तिरंदाजीच्या जागतिक स्पर्धेत कंपाउंडचं (टोकांना चाकं असलेल्या धनुष्याचं) वैयक्तिक सुवर्ण पुरुषांत नागपूरच्या ओजस देवतळेने आणि महिलांत साताऱ्याच्या अदिती स्वामीने जिंकलं. दोघंही साताऱ्यात शिकलेली, ती सतरा वर्षांची, आणि त्याने अंतिम फेरीत दीडशेपैकी दीडशे काढले. मी दुकानातल्या टीव्हीवर ती फेरी चार वेळा लावली. गिऱ्हाइकं विचारायची, हे तुझ्या गावाकडचे? मी म्हटलं, माझ्या गावाहून दोन-अडीच तासांवर. त्या पोरांचा बबल बघा, म्हटलं, शेवटच्या बाणालाही मधे.

ते मोठं दुकान अजून आहे. पार्टनर रिटायर झाल्याचं ऐकतो. त्याचा मुलगा दोन वर्षांपूर्वी स्ट्रिंग बदलायला आला होता. मी बापाचं नाव काढलं नाही, त्यानेही काढलं नाही. कार्ड मात्र नवं केलं.

आता कामाचं. दुसरीकडून घेतलेली साइट आम्ही बसवून देतो, पंचवीस डॉलर, थर्ड ॲक्सिससह. फुकट बसवणं २०१५ ला बंद केलं. धनुष्य सोबत आणा, नुसती साइट आणून "त्याला बसेल ना" विचारू नका. चष्मा आणा, रोजचा, गाडी चालवतानाचा. आणि ऑगस्टच्या पंधरा तारखेआधी या. सीझन सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतो आणि आदल्या शुक्रवारी दाराबाहेर रांग असते. प्रेस एकच आहे.