तुम्ही विचारलंत म्हणून: मॅगझीन (मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी) त्याच पिस्तुलाचं का?

जुनं सैनिकी पिस्तूल हाती आलं की हा प्रश्न येतोच: "आतलं मॅगझीन मूळचंच आहे ना? बसतंय तर अगदी चपखल." चपखल बसणं हा पुरावाच नव्हे. १९१४च्या लुगर या जर्मन पिस्तुलामध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर बनलेलं मॅगझीनही टकदिशी बसतं. त्या पिस्तुलाबरोबरच निघालेलं, त्याच काळातलं आणि नुसतं चालणारं, अशा तीन वेगळ्या गोष्टी आहेत. किमतीतला फरकही तिथूनच पडतो.

चेंबर (गोळी उडण्याआधी बसते तो खण) रिकामं आहे याची खात्री करून आधी पिस्तूल वाचा, मॅगझीन नंतर. सैनिकी लुगरवर साल बहुधा चेंबरच्या माथ्यावर असतं. फ्रेमच्या, म्हणजे पिस्तुलाच्या सांगाड्याच्या, पुढच्या बाजूला नंबर आणि त्याखाली एखादं छोटं अक्षर असतं. ते अक्षर सोडू नका. दरवर्षी नंबर १ पासून सुरू होत आणि दहा हजार झाले की पुढच्या गटाला ए, बी, सी असं अक्षर लागे. त्यामुळे ४३१७ नंबरची पिस्तुलं एकाच साली अनेक निघाली. नुसते चार आकडे जुळले म्हणून 'मॅचिंग' (नंबर जुळलेलं) म्हणणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

आता मॅगझीन उलटं करून बूड पाहा. पहिल्या महायुद्धापर्यंत बूड लाकडी असे, दोन्ही बाजूंना बोटांच्या पकडीसाठी गोल कडी कोरलेली आणि आडव्या पिनेने अडकवलेलं. बॉडीला निकेलचा मुलामा. पाठीवर पत्रा दुमडून केलेला सांधा दिसतो. पुढे ॲल्युमिनियमचं बूड आलं आणि तिसाच्या दशकाच्या उत्तरार्धात सांधा नसलेली, ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) केलेली बॉडी. हेनेल या जर्मन कारखान्याच्या मॅगझीनवर आधी १२२ आणि युद्धकाळात 'एफएक्सओ' हा गुप्त कोड, सोबत गरुड आणि ३७ चा तपासणी शिक्का. शेवटी शेवटी काळं प्लास्टिकचं बूडही दिसतं. पण प्लास्टिकवर २/१००१ असेल तर ते पूर्व जर्मनीतलं आहे, युद्धकाळातलं नाही.

१९१६च्या पिस्तुलात ॲल्युमिनियमचं बूड दिसलं की लगेच नाक मुरडू नका. लाकूड फुटलं की सैन्यातच मॅगझीन बदललं जाई आणि त्यावर पिस्तुलाचा नंबर ठोकला जाई. अक्षरासह नंबर जुळत असेल तर तो त्या पिस्तुलाच्या नोकरीचा भाग आहे. जुळत नसेल, तर नंतर कुणीतरी भरती केलेलं.

होल्स्टरमध्ये (पिस्तुलाच्या कातडी म्यानात) जादा मॅगझीनसाठी खण असे. त्या दुसऱ्या मॅगझीनवर त्याच नंबरासोबत अधिकचं (+) चिन्ह असतं. दोन्ही जुळलेली मिळणं दुर्मीळ, म्हणून बनावट छापही इथेच जास्त. ॲल्युमिनियमवर जुना नंबर घासून नवा ठोकला की बूड एका बाजूने पातळ होतं आणि कडा गोलसर होतात. आकड्यांचं वळण फ्रेमवरच्या आकड्यांशी ताडून पाहा. लाकडावर ताज्या छापाच्या तळाचे तंतू फिकट दिसतात, जुन्याच्या खाचेत मळ बसलेला असतो. पिनेच्या टोकांना हातोडीचे ताजे ओरखडे असतील तर बूड उतरवलं गेलंय.

कोल्ट एम१९११ या अमेरिकी सैनिकी पिस्तुलाचा हिशेब निराळा. त्याच्या मॅगझीनवर पिस्तुलाचा नंबर कधी नव्हताच, त्यामुळे 'नंबर जुळलेलं मॅगझीन' म्हणून कुणी विकत असेल तर नमस्कार करून निघावं. इथे फक्त काळ जुळवायचा. सुरुवातीच्या मॅगझीनच्या बुडाला दोरी अडकवायची कडी होती. ती गेल्यावरही पहिल्या महायुद्धातल्या मॅगझीनचं बूड पिनांनी बसवलेलं आणि रंग दुहेरी: खाली ब्लूइंग, वर हार्डनिंगमुळे उतरलेला राखाडी. दुसऱ्या महायुद्धातल्या कंत्राटी मॅगझीनचं बूड वेल्ड केलेलं आणि अंग सगळं ब्लूइंगचं. बुडाच्या पुढच्या ओठावर बनवणाऱ्या कंपनीचं एखादं अक्षर असतं: आर म्हणजे रिस्डन, एल म्हणजे लिटल, एस म्हणजे स्कोव्हिल, जी म्हणजे जनरल शेव्हर. आधी सी असेल तर ते कोल्टसाठी बनवलेलं. ५५०८६९४ हा पार्ट नंबर दिसला की ते युद्धानंतरचं, कितीही जुनाट दिसो.

वॉल्थर पी.३८ या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पिस्तुलाचं काम त्यामानाने सोपं. मॅगझीनवरचा गरुड आणि आकडा पिस्तुलावरच्याशी ताडायचा, आकड्यावरून कारखाना कळतो: ३५९ वॉल्थर, १३५ माउझर, ८८ स्प्रीवर्क. नंतरच्या पी१ ची (पी.३८ च्या युद्धोत्तर आवृत्तीची) मॅगझीनही यात बसतात, पण त्यांवर गरुड नसतो.

आणि घासू नका. स्टीलवूल किंवा पॉलिशने निकेल उडतं, छाप बोथट होतात. पुन्हा ब्लूइंग केलं की एम१९११ चा दुहेरी रंग कायमचा जातो. थोडं तेल लावून मऊ कापडाने पुसलं की पुरे, आणि लाकडी बुडाला तेल लागू द्यायचं नाही. फोटोवरून घेत असाल तर तीन फोटो मागा: पाठीचा सांधा, बूड सरळ वरून आणि पिनेची दोन्ही टोकं. विकणारा बाजूचाच फोटो पुन्हापुन्हा पाठवत असेल तर किंमत नुसत्या चालणाऱ्या मॅगझीनचीच धरा.