"हू बॉच्ड धिस?"

चाकणला मेंटेनन्सला आहे मी, बारा वर्षं झाली. मागच्या महिन्यात नाइट शिफ्टला प्रेसच्या हायड्रॉलिक पॉवर पॅकवर, म्हणजे तेलाला दाब देणाऱ्या पंपाच्या संचावर, एका फिटिंगमधून तेल गळायला लागलं, खोलून बघितलं तर डाउटी सील (रबराची कडा असलेला धातूचा वॉशर) फाटलेलं, आणि स्टोअरला त्या साइजचं एकही नाही. प्रॉडक्शनवाले डोक्यावर बसलेले. मग काय, थ्रेडवर टेफलॉन टेपचे सात-आठ वेढे मारले, फिटिंग कचकचून आवळलं, गळती बंद. पहाटेपर्यंत प्रेस चालली आणि मी खूश.

दुपारी व्हॉल्व्ह अडकायला लागला. मशीन इंग्लंडचं, म्हणून तिकडच्या इंजिनिअरला व्हिडिओ कॉल. मी मोबाईल फिटिंगजवळ धरला, टेपचं पांढरं टोक तिथं लोंबतच होतं. त्यानं विचारलं, "हू बॉच्ड धिस?" शॉपच्या आवाजात मला ऐकू आलं 'पॅच्ड'. छाती फुगवून सांगितलं, "आय डिड सर, लास्ट नाइट, पर्सनली." दोन सेकंद शांतता, मग तो जो हसत सुटला! शेजारी मॅनेजर खाली मान घालून उभे.

हसणं आवरल्यावर मात्र त्यानं नीट समजावलं, की पॅरलल, म्हणजे निमुळत्या न होणाऱ्या सरळ थ्रेडमध्ये तेल आट्यांवर अडतच नाही, ते अडतं फेसवर, म्हणजे सपाट तोंडावर, दाबलेल्या सीलनं, आणि टेपच्या चिंध्या तुटून तेलाबरोबर व्हॉल्व्हमध्ये जातात. खोलला तर खरंच, स्पूलला, म्हणजे आत सरकणाऱ्या दांड्याला, दोन पांढरे धागे चिकटलेले.

घरी येऊन डिक्शनरी काढली. बॉच म्हणजे काम करायला जाऊन त्याची वाट लावणं. पण चौदाव्या शतकाच्या शेवटी हा शब्द इंग्रजीत दिसतो तेव्हा अर्थ नुसता दुरुस्त करणं, डागडुजी! बॉचर म्हणजे जुने कपडे सांधून देणारा, शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट'मधला विदूषक त्याच अर्थानं बॉचरचं नाव घेतो. सोळाव्या शतकापर्यंत ठिगळ लावण्याचा अर्थ घसरून काम बिघडवण्यावर आला होता, आता ठिगळं कशी लावतात ते आपल्याला माहितीच आहे. त्यातूनच निघालेला 'बॉज' तर ब्रिटिश लोक अजूनही जुगाडाला वापरतात. म्हणजे मी ऐकलं ते चूकच, पण सहाशे वर्षांपूर्वी चाललं असतं.

ब्रेकडाउन रिपोर्टमध्ये मी 'पॅच्ड'च लिहिलं. मॅनेजरनी न वाचता सही केली.